व्यापारी असोसिएशनचा पैसा गावात कुठे लावावा, आणि गणपती ते दिवाळी कार्यक्रम कसे आखावेत?

प्रश्न असा आला आहे: "आमचं तालुक्याचं गाव. व्यापारी असोसिएशनचे दोनशेच्या आसपास सभासद. वर्गणी आणि गेल्या वर्षीच्या ग्राहकपेठेतून सहा लाखांच्या घरात शिल्लक आहे. गावासाठी काहीतरी करायचं यावर सगळ्यांचं एकमत, काय करायचं यावर मात्र तीन गट. एक म्हणतो वेशीवर स्वागत कमान, दुसरा म्हणतो शाळेला संगणक, तिसरा म्हणतो दिवाळीआधी खरेदी महोत्सव आणि सोडतीत दुचाकी. मी यंदाच सचिव झालो आहे. पैसा कुठे लावावा, कायद्याचं काय पाहावं आणि येत्या सणांचे कार्यक्रम कसे जाहीर करावेत?"

कमान नको, हे आधीच सांगून टाकतो. रस्ता राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम खात्याची परवानगी, गावातला असेल तर नगरपरिषदेचा ठराव, मग कोणाचं नाव वर आणि कोणाचं खाली यावर दोन महिने, आणि एकदा उभी राहिली की पुढच्या निवडणुकीपासून ती फ्लेक्स बांधायची हक्काची जागा. बाजाराला आलेल्या माणसाला त्या कमानीचा काडीचा उपयोग होत नाही.

मी बरीच वर्षं अशाच एका गावच्या संघटनेचं सचिवपद सांभाळलं आणि आता आसपासच्या संघटना बैठकीला बोलावतात. तिथे मी एकच प्रश्न धरून बसतो. नारळ फुटल्यानंतर तिसऱ्या वर्षी ही वस्तू चालू ठेवायला दरमहा किती लागेल, आणि ते कोण देणार? याचं उत्तर नसेल तर ती वस्तू करू नये. आपल्याकडे उभारणीला देणगीदार रांगेने मिळतात, कारण कोनशिलेवर नाव येतं. देखभालीला कोणी मिळत नाही. म्हणून गावोगाव बंद पडलेले वॉटर कूलर, वायर लोंबणारे कॅमेरे, कुलूपबंद वाचनालयं आणि झाकण घालून ठेवलेले संगणक दिसतात. शाळेच्या संगणकांबद्दल म्हणूनच मी फारसा उत्साही नाही. शाळेला जरूर द्या, पण आधी जाऊन पाहा की मागच्या देणगीतले किती चालू आहेत. मुख्याध्यापक प्रामाणिक असतील तर तेच तुम्हाला सांगतील की नवे नकोत, जुने दुरुस्त करून द्या आणि वीजबिलाचं बघा.

माझा आडाखा साधा आहे. उभारणीला एक रुपया तर देखभालीला दोन रुपये बाजूला. तुमच्या सहा लाखांतले दोनच लाख वस्तूवर खर्च करा, चार लाख ठेवीत टाका, आणि तीन वर्षांत त्या खर्चाची कायमची सोय लावा. सभासदांना हे पचायला जड जातं, कारण बँकेत पडलेल्या पैशाचा फोटो काढता येत नाही.

आता काय करावं ते. बाजारपेठेत बायकांसाठी स्वच्छ, उघडं आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह आहे का? बहुतेक तालुक्यांच्या गावांत मुख्य पेठेत ते नसतं, किंवा असून कुलूप असतं. खेड्यातून सकाळच्या एसटीने लग्नाच्या बस्त्याला आलेलं कुटुंब डोळ्यांसमोर आणा. सोबत चार-पाच बायका, एखादी म्हातारी, एखादी गरोदर. कापड, भांडी, सोनं, किराणा, असं दिवसभराचं काम. दुपारनंतर त्या घाई करायला लागतात, आणि राहिलेली खरेदी जिल्ह्याच्या गावी होते. कापड दुकानदाराला वाटतं भावावरून गेले. तुमच्या स्वतःच्या दुकानांतल्या विक्रेत्या मुलींना विचारा, अर्थात विचारायला घरातल्या बाईमाणसाला पाठवा, कारण तुम्हाला त्या सांगणार नाहीत. दिवसभर पाणीच पीत नाहीत त्या.

ही नुसती दयेची बाब नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ठराविक संख्येहून जास्त कामगार असलेल्या दुकानांत त्यांच्यासाठी स्वच्छतागृहाची सोय करणं मालकाचं काम आहे. जागेची अडचण असेल तर अनेक मालकांनी मिळून सामाईक सोय करायची मुभा त्याच कायद्यात आहे. लहान दुकानांना हे बंधन नसलं तरी गरज आहेच, पण दहा बाय बाराच्या गाळ्यात कोण काय बांधणार? तेव्हा असोसिएशनने पुढाकार घेऊन सामाईक सोय केली की गावाचंही काम होतं आणि मोठ्या सभासदांच्या डोक्यावरची जबाबदारीही हलकी होते.

बांधायला जाऊ नका. आधी नगरपरिषदेचं बंद पडलेलं एखादं शोधा, ते सहसा सापडतंच. ते बंद असण्याचं कारण विटा-सिमेंट नसतं. पाण्याची टाकी फुटलेली, दिवा गेलेला आणि बसायला माणूस नाही, एवढंच असतं. मुख्याधिकाऱ्यांना लेखी द्या की मालकी नगरपरिषदेचीच राहू द्या, चालवायला आमच्याकडे ठराविक मुदतीसाठी द्या, पाणीपट्टी आणि वीज तुमची, माणूस आणि साफसफाई आमची. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर नगरपरिषदांत प्रशासकाऐवजी पुन्हा नगराध्यक्ष आणि नगरसेवक आले आहेत, त्यामुळे असा करार आता सभेतून ठराव करून घेता येतो. नुसत्या तोंडी होकारावर पैसा घालू नका. मुख्याधिकारी बदलून जातात, तोंडी होकार त्यांच्याबरोबर जातो.

मग खर्च. दुरुस्ती, टाकी, आतून कडी, आरसा, सॅनिटरी पॅडसाठी झाकणाचा डबा, दिवा, आणि बसणाऱ्या बाईसाठी सावली. मोठा खर्च पुढचा आहे: सकाळी दहा ते रात्री नऊ दोन पाळ्यांत दोन बायका, फिनेल-साबण, आणि पाणी नसेल त्या दिवशी टँकर. दोनशे दुकानांनी रोजचे पाच रुपये दिले तर महिन्याला तीस हजार होतात. एका चहाच्या अर्ध्या पैशात हे चालतं, असं सभेत सांगितलं की विरोध करायला कोणी उठत नाही. वसुली मात्र रोज करू नका, तिमाहीची एकदम घ्या. आणि बायकांकडून पैसे घेऊ नका. पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईला त्याच कामासाठी पैसे, हा भेद मुंबईत 'राइट टू पी' चळवळीने २०११ पासून वेशीवर टांगला आहे. आपल्या गावात तो पुन्हा करायची गरज नाही.

यावर एखादे ज्येष्ठ सभासद म्हणतील की व्यापाऱ्याचं दान म्हणजे पाणपोई, धर्मशाळा, पांजरपोळ. संडास कुठे दान असतो का? त्यांना त्यांच्याच परंपरेतलं उदाहरण द्या. आडत पेढीवर पूर्वी पट्टीत, म्हणजे मालाच्या हिशेबात, पोत्यामागे काही पैसे 'धर्मादाय' म्हणून कापले जायचे. गिऱ्हाईकही देत होतं, कारण तो पैसा गावाच्या कामाला जातो हे त्याला दिसत होतं. हा पैसा दुकानदाराचं उत्पन्न नव्हे, तो फक्त सांभाळणारा, असं सर्वोच्च न्यायालयाने बिजली कॉटन मिल्सच्या प्रकरणात म्हटलं. पुढे उत्पादन शुल्क खात्याने हीच रक्कम मालाच्या किमतीत धरावी म्हणून वाद घातला, तेव्हा नाशिक आयुक्तालयाच्या हद्दीतल्या एका तंबाखू उत्पादकाच्या खटल्यात २०१९ साली तीन न्यायाधीशांनी पुन्हा तोच कौल दिला. धर्मादाय टिकला तो वेगळा दाखवला, वेगळा ठेवला आणि ठरल्या कामालाच गेला म्हणून. तुमच्या स्वच्छतागृहाच्या पाच रुपयांनाही वेगळं खातं, वेगळं पावती पुस्तक हवं. वर्गणीच्या गल्ल्यात मिसळले की दोन वर्षांत त्याचे हार-तुरे झालेले असतात.

पैशापेक्षा मोठी गोष्ट आपल्याजवळ असते आणि ती कोणी मोजत नाही. घाऊक खरेदी, मालाची पारख, तोलाई, साठवण, वाहतूक हे आपल्याला येतं. पुण्याच्या मार्केट यार्डातल्या पूना मर्चंट्स चेंबरने तीस वर्षांहून अधिक काळ दिवाळीत लाडू-चिवडा ना नफा ना तोटा भावात विकून हेच दाखवलं आहे. तूप, बेसन, साखर, पोहे घाऊक भावात एकदम घ्यायचे, आचारी बसवायचे, वेष्टनात भरून ठराविक केंद्रांवरून द्यायचे. मध्यमवर्गीय घरातली बाई रांगेत उभी राहते, कारण माल चोख आणि भाव रास्त. यात कोणाला भीक घातल्याची भावना नाही, घेणाऱ्यालाही कमीपणा नाही, आणि बाजारातल्या फराळाच्या भावाला आपोआप लगाम बसतो. व्यापाऱ्यांबद्दल गावात जे बोललं जातं, त्याला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. एखाद्या फराळवाल्या सभासदाचं नुकसान होईल म्हणून ओरड होईल. त्याचं ऐकून घ्या, बनवायचं काम त्यालाच मजुरीवर द्या आणि त्याच्याकडचे खास पदार्थ यादीतून वगळा. तुमच्या गावात लाडू-चिवडाच हवा असं नाही. शाळा उघडण्याआधी वह्या, पावसाळ्याआधी ताडपत्री, दिवाळीत पणत्या-तेल, जे तुमच्या पेठेची ताकद असेल ते घ्या.

उत्सवातून परिसराचा पैसा कसा उभा राहतो ते पाहायचं असेल तर मुंबईचा काळा घोडा घ्या. तिथली असोसिएशन १९९८ मध्ये स्थापन झाली, महोत्सव १९९९ मध्ये सुरू झाला, आणि त्या महोत्सवाच्या जोरावर त्या भागातल्या जुन्या वास्तूंच्या आणि रस्त्यांच्या डागडुजीचं काम चालतं. गर्दी आधी, मग पैसा, मग त्याच रस्त्यावर खर्च. जवळच्याच दादाभाई नौरोजी रस्त्यावर दुकानांच्या वाट्टेल तशा पाट्या काढून इमारतींच्या कमानींना शोभतील अशा मापात बसवल्या गेल्या, आणि २००४ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली. दक्षिण मुंबई आणि आपलं गाव यांची बरोबरी होत नाही हे कबूल. पण पाट्यांचं काम आपल्यालाही आहेच. दुकाने व आस्थापना कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली, अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. ज्यांच्या पाट्या अजून बदलायच्या आहेत त्यांच्या एकत्र, एका उंचीवर, एका पेंटरकडून करून घ्या. पेठेचं रूप बदलतं आणि प्रत्येकाला स्वस्तही पडतं.

रक्तदान शिबिराबद्दल थोडं विस्ताराने सांगतो, कारण प्रत्येक संघटना ते करते आणि बहुतेक जण चुकीच्या दिवशी करतात. स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताक दिन किंवा एखाद्या नेत्याचा वाढदिवस. त्या दिवशी जिल्ह्यात सगळीकडे शिबिरं असतात, आणि रक्त काही कोठीत वर्षभर ठेवता येत नाही. तांबड्या पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस, प्लेटलेट पाच दिवस. एका दिवशी महापूर आणि मेमध्ये दुष्काळ. महाविद्यालयं सुट्टीवर, लोक गावाला, अशा वेळी आणि दिवाळीच्या सुट्टीत रक्तपेढ्यांची ओढाताण होते. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, ती सुट्टीवर जात नाहीत. तेव्हा रक्तपेढीला फोन करून विचारा की तुम्हाला कधी हवंय, आणि ती तारीख घ्या. पुरुषाला दोन रक्तदानांत तीन महिने आणि बाईला चार महिने अंतर लागतं, म्हणजे मेच्या शिबिरातला सभासद ऑक्टोबरात पुन्हा येऊ शकतो. भेटवस्तूंची आमिषं टाळा. डबे आणि टी-शर्ट पाहून आलेला माणूस आपला आजार लपवतो.

आता कायदा आणि कर. हा भाग कंटाळवाणा आहे, पण सचिवाचं नाव कागदावर असतं, अध्यक्षांचं फोटोत.

सगळ्यात आधी कपाटातून नोंदणीचं प्रमाणपत्र काढा. व्यापारी संघटना कोणी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली केलेल्या असतात, कोणी १९२६ च्या जुन्या ट्रेड युनियन कायद्याखाली, काही कंपनी कायद्याखाली, आणि काही नुसत्या लेटरहेडवर चालतात. मग घटनेतले उद्देश वाचा. तिथे फक्त 'सभासदांचे हितरक्षण' असेल, तर गावासाठी केलेल्या खर्चावर उद्या एखादा नाराज सभासद हरकत घेऊ शकतो, आणि प्राप्तिकर खात्याच्या नजरेत ती धर्मादाय संस्थाही ठरत नाही. जुन्या, शहाण्या संघटना समाजकामासाठी वेगळा सार्वजनिक न्यास करतात. तुम्हीही तोच विचार करा. कार्यकारिणी बदलली असेल तर धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज नव्वद दिवसांत जायला हवा. मागच्या तीन कार्यकारिण्यांचे बदल अर्ज प्रलंबित, ही आपल्याकडची नेहमीची कहाणी. बँकेत सही बदलताना ती अडकते. आणि चार-पाच जणांनी वेगळी उत्सव समिती करून वर्गणी गोळा करायची असेल, तर सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ सी खालची धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी घेतल्याशिवाय पावती फाडू नका.

देणगीवर करसवलत मिळते असं सर्रास सांगितलं जातं. न्यासाला ८० जी, म्हणजे देणगीवर सवलत देणारी प्राप्तिकर खात्याची मान्यता, असेल तरच, रोख दोन हजारांपर्यंतच, आणि देणारा जुन्या कररचनेत असेल तरच. बहुतेक छोटे दुकानदार आता नव्या कररचनेत आहेत, त्यांना ८० जीचा काहीही फायदा नाही. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकराचा नवा कायदा लागू झाल्याने कलमांचे आकडेही बदलले आहेत, बाजारात मात्र अजून ८० जीच म्हणतात. तेव्हा वर्गणी मागताना करसवलतीचं गाजर दाखवू नका. त्यापेक्षा कार्यक्रमाच्या पत्रिकेत किंवा स्मरणिकेत खरोखरची जाहिरात द्या आणि तसं बिल द्या. धंद्याच्या जाहिरातीचा खर्च खर्चात धरता येतो. फक्त बँकेतून आलेली जाहिरातीची रक्कम देणगी म्हणून दाखवायची, असले खेळ नकोत. प्रायोजकत्व ही सेवा आहे, त्यावर जीएसटीचा विचार करावा लागतो. स्टॉलच्या भाड्याचंही तेच. संघटनेची एकूण उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या वर गेली तर नोंदणी आणि १८ टक्के. सभासद वर्गणीवरच्या जीएसटीचा वाद न्यायालयांत चालू आहे. स्टॉल भाड्यात वाद घालण्यासारखं काही नाही. एक चांगला सीए असोसिएशनचा सभासद करून घ्या आणि त्याला मानधन द्या. फुकटचा सीए मार्चनंतरच फोन उचलतो.

जवळ एमआयडीसी असेल तर सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकामाला द्यायचा, पैसा मागायची कल्पना कोणीतरी मांडेलच. मागा, पण त्याची घडण वेगळी असते. आधीच्या वर्षी पाच कोटी निव्वळ नफा असलेल्या किंवा नक्त मूल्य, उलाढाल यांच्या मोठ्या मर्यादा ओलांडणाऱ्या कंपन्यांनाच हे बंधन, सरासरी नफ्याच्या दोन टक्के. तुमच्या न्यासाला सीएसआर-१ नोंदणी, प्राप्तिकर खात्याची १२ ए आणि ८० जी मान्यता, आणि सहसा तीन वर्षांच्या कामाचा दाखला लागतो. मॅरेथॉन, पुरस्कार सोहळा असले एकदिवसीय कार्यक्रम त्यात बसत नाहीत, असं केंद्र सरकारने २०१४ मध्येच स्पष्ट केलं आहे. स्वच्छतागृह मात्र बसतं. म्हणजे दोन-तीन वर्षं ते नीट चालवून दाखवलंत, हिशेब तपासून ठेवलात, तर दुसऱ्या स्वच्छतागृहासाठी कंपनीच्या दारात जायला तोंड राहतं.

तिसऱ्या गटाची सोडत. अमुक रुपयांच्या खरेदीवर कूपन आणि दुचाकी, हा प्रकार इतका रूढ आहे की कोणाला त्यात वावगं वाटत नाही. पण विक्री वाढवण्यासाठी सोडत किंवा नशिबाचा खेळ ठेवणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांच्या यादीत आहे. निकाल लपवणं हा त्यातलाच आणखी एक दोष. शिवाय दहा हजारांवरच्या बक्षिसावर ३० टक्के कर आधी भरावा लागतो. वस्तू बक्षीस असली तरी. तो विजेत्याकडून घ्यायचा की संघटनेने भरायचा यावर मांडवातच भांडण होतं. आणि दुचाकी नेहमी एखाद्या पदाधिकाऱ्याच्या मेव्हण्यालाच लागते असं गाव म्हणतं, खरं असो वा नसो. खरेदी महोत्सव करा, सोडत गाळा. त्याऐवजी महोत्सवाच्या दिवसांत ठराविक सवलत सगळ्यांनी सारखी द्यावी, आणि ती पाटीवर लिहावी.

आता यंदाचं वेळापत्रक. या वर्षी अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सण पुढे सरकले आहेत. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबर, दसरा २० ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबर. याचा अर्थ ऑगस्ट महिना नेहमीपेक्षा सुना जाणार, माल भरायचा पैसा जास्त दिवस अडकणार, आणि सभासद वर्गणीला कुरकुर करणार. म्हणून मोठी वसुली ऑगस्टमध्ये ठेवू नका. ऑगस्टमध्ये फक्त सर्वसाधारण सभा घ्या, स्वच्छतागृहाचा ठराव आणि तिमाही वर्गणीचा दर तिथेच मंजूर करून घ्या.

गणपतीच्या दिवसांत असोसिएशनचा वेगळा कार्यक्रम घेऊ नये असं माझं मत आहे. मंडळं आहेत, तुमचेच सभासद तिथे कार्यकर्ते आहेत, वर्गणीही तुमच्याच गल्ल्यातून गेलेली आहे. विसर्जनाच्या दिवशी मिरवणुकीच्या मार्गावर पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह उघडं, एवढं केलंत तरी पुरे. खरा वेळ त्यानंतरचा. पितृपंधरवडा, साधारण २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर, बाजार थंड असतो, कोणी नवी खरेदी करत नाही, दुकानदार माशा मारत बसतो. हाच काळ कामाचा. स्वच्छतागृहाची दुरुस्ती, पाट्या, तुंबलेली गटारं आणि दुकानांतल्या वायरिंगची तपासणी या पंधरा दिवसांत उरका. दिवाळीची रोषणाई जुन्याच वायरवर चढते आणि कापडाच्या गठ्ठ्यांना आग लागायला एक ठिणगी पुरते. परवानाधारक वायरमन ठरवून दुकान-दुकान फिरवा, अग्निशमन सिलिंडर एकगठ्ठा घ्या, आणि विमा कोणाचा संपलाय तेही त्याच फेरीत विचारा. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठी आणि शिव नद्यांचं पाणी शिरलं, तेव्हा विमा असलेला आणि नसलेला दुकानदार यांच्यातला फरक सगळ्या कोकणाने पाहिला. पुढे तिथल्या लोकांनी नद्यांतला गाळ काढण्यासाठी आंदोलन उभं केलं आणि ते काम सुरू करवून घेतलं. गावात पैसा लावणं म्हणतात ते हेही आहे, आणि त्याला संघटनेची तिजोरी लागत नाही, चिकाटी लागते.

घटस्थापना ११ ऑक्टोबरला. त्याच आठवड्यात स्वच्छतागृह सुरू करा, आणि कुलूप तिथे बसणाऱ्या बाईच्याच हातून उघडा. आमदारांना बोलवायचं तर दुसऱ्या कार्यक्रमाला बोलवा. दसऱ्याच्या पुढच्या रविवारी, २५ ऑक्टोबरला, रक्तदान शिबिर, म्हणजे ते रक्त दिवाळीच्या सुट्टीभर उपयोगी पडतं. फक्त रक्तपेढीने ती तारीख मान्य करायला हवी. फराळाची किंवा पणत्या-तेलाची रास्त भाव विक्री ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून, पगार झाल्यावर जोर. खरेदी महोत्सव शनिवार-रविवार धरून, आठवडी बाजाराचा दिवस टाळून. त्या दिवशी आधीच पार्किंगची बोंब असते. ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर बंद, याची आठवण पोलिसांनी करून द्यायची वेळ येऊ देऊ नका.

फेरीवाल्यांचा प्रश्न महोत्सवात हमखास निघतो. अतिक्रमण हटवा म्हणून निवेदन देण्याआधी एवढं बघा की २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत व्यापारी संघटनांनाही प्रतिनिधित्व आहे. त्या खुर्चीवर जाऊन बसा. हातगाडीवाल्याकडे आलेलं गिऱ्हाईक चार पावलांवरच्या तुमच्याच दुकानात शिरतं, हे पेठेतले जुने लोक जाणतात. महोत्सवात त्यांना एक बाजू आखून द्या, स्वच्छतागृहाचे पाच रुपये त्यांच्याकडूनही घ्या. ते तुमच्या आधी देतील.

कार्यक्रमाच्या सूचनेत काय लिहावं हेही विचारलं आहे. तारीख, वेळ, जागा, पावसाची पर्यायी जागा, कोणासाठी, आणि नोंदणी कुठे करायची एवढं वर. खाली एका ओळीत, या कार्यक्रमातून उरलेला पैसा कुठे जाणार. पदाधिकाऱ्यांची नावं नकोत, ती सगळ्यांना माहीत असतात. मागच्या कार्यक्रमाचा जमाखर्च मात्र त्याच कागदाच्या मागे छापा, शाल-श्रीफळाच्या आकड्यासकट. पहिल्या वर्षी तो आकडा छापला की दुसऱ्या वर्षी आपोआप निम्मा होतो.

स्वच्छतागृहाचा अर्ज मुख्याधिकाऱ्यांकडे ऑगस्टमध्येच द्या आणि आवक नोंदीचा शिक्का असलेली प्रत फाइलला लावा. गणपती बसले की ते कार्यालय परवानग्या आणि बंदोबस्ताच्या बैठकांत बुडालेलं असतं, आणि मग तुमचा कागद दिवाळीनंतरच वर येतो.